माइक चालू असताना

रेडिओ केंद्र बंद झाले त्या संध्याकाळी निवेदिकेने आपले शेवटचे वाक्य नेहमीच्याच संथ स्वरात पूर्ण केले, समोरचा लाल दिवा विझण्याची वाट पाहिली, आणि तो विझल्यावर तिच्या लक्षात आले की यापुढे तो लागणार नाही. ती घरी आली. स्टुडिओतले मौन तिच्या पाठोपाठ जिना चढले आणि लांबच्या नात्यातल्या पाहुण्यासारखे घरात राहू लागले. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि जा म्हणण्याचे धाडसही कोणात नव्हते.

तिच्या आवाजाला पुष्कळ वर्षे एक पत्ता होता. त्या आवाजात तिने वादळाच्या सूचना दिल्या होत्या, हरवलेल्या माणसांची वर्णने वाचली होती, आणि एखादे गाणे ओंजळीतले पाणी न सांडता दुसऱ्याच्या ओंजळीत द्यावे तसे दिले होते. लोक तिला चेहऱ्याने ओळखत नसत. पण फळवाल्यापुढे तिने ‘ही गोड आहेत का’ एवढे विचारले तरी रांगेतले एखादे डोके वळे. आता डोकी वळेनाशी झाली होती. आवाज तोच होता, फक्त त्याच्या वाटेवरची माणसे उठून गेली होती. नवरा समजूतदार होता, म्हणजे गप्प होता.

अशा दिवसांत तिला मुंगी भेटला. केंद्रावरच्या या ध्वनितंत्रज्ञाचे खरे नाव कोणी वापरत नसे. मुंगीची पावलेही आपल्याला ऐकू येतात, असा त्याचा दावा होता म्हणून तो मुंगी. आता तो टीव्हीच्या दुकानात नोकरी करी आणि संध्याकाळी मोटारींच्या शर्यतीचे जुने गेम खेळून ते इंटरनेटवर लोकांना थेट दाखवी.

“बाई, चॅनल काढा,” तो म्हणाला. “गेम खेळायचा, लोकांना दाखवायचा आणि बोलायचं.”

“माझं वय बघितलंस का?”

“आवाजाचं वय कोण विचारतं? आणि खेळायचं म्हणाल तर, लांबलचक रेकॉर्ड लावून तुम्ही टेबलाखाली मोबाइलवर काय करायचात, ते काचेपलीकडून मला दिसायचं.”

“ते शब्दकोडं असायचं.”

“शब्दकोडं सोडवताना माणूस दातओठ खात नाही, बाई.”

मग त्याने नवख्याने काय करावे हे तिला सांगितले, दुकानाच्या दारात उभ्याउभ्या, गिऱ्हाइकांकडे पाठ करून. “चित्र अंधुक असलं तरी लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की उठून जातात. म्हणून आधी माइक, कॅमेरा नंतर. रोज येऊ नका, पण ज्या दिवशी येता त्या दिवशी ठरल्या वेळेलाच या. पोस्टमनची वाट बघतात तशी लोकांनी तुमची वाट बघितली पाहिजे. गप्प बसून बघणाऱ्याला नावानं हाक मारू नका, दुकानात शिरल्याशिरल्या ‘काय दाखवू’ विचारलं की माणूस मागच्या पावली बाहेर पडतो. आणि कोपऱ्यात आकडा दिसतो, किती जण बघतायत त्याचा. त्याच्यावर चिकटपट्टी लावा. सुरुवातीला तिथं शून्य असतं. शून्याकडे बघत बोलणं कुणाला जमत नाही.”

“मला जमेल,” ती म्हणाली. “रेडिओवर माझ्यासमोर कोण बसलेलं असायचं?”

गेम तिने स्वतः निवडला. त्यात एक हमाल आरशाचे दार असलेले लाकडी कपाट पाठीवर घेऊन डोंगर चढतो. डाव्या आणि उजव्या हाताची दोन बटणे. त्यांनी कपाटाचे दोन्ही पट्टे सारखे ताणून धरले तर कपाट सरळ राहते, एक जरा ढिला पडला की हमाल, कपाट आणि आरसा गडगडत पायथ्याच्या गावात येतात. आणखी काही नाही. पण चढताना त्या आरशात मागचे आकाश दिसत राही, ढग येत, पक्ष्यांचा थवा काचेच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने निघून जाई, आणि ज्याच्या पाठीवर हे सारे चालले होते त्याला त्यातले काही दिसत नसे. 

घर नवरा आणि त्याचा मोठा भाऊ या दोघांचे होते आणि दोन मजल्यांमधली खोली कोणाची नव्हती. तिथे कपडे वाळत. मुंगीने येऊन टाळी वाजवली, कान टवकारले, आणि भिंतींवर रजया टांगायला सांगितल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. त्याने आणलेला माइक लहानसा होता, वर एक बटण आणि बटणाभोवती दिव्याची बारीक कडी. त्याने टेबलाची उंची, तोंडापासूनचे अंतर, खिडकीतून येणारा उजेड, सगळे समजावले, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर स्वतःच चिकटपट्टी लावली. दिव्याबद्दल काही सांगावे असे त्याला वाटले नाही आणि काही विचारावे असे तिला वाटले नाही.

पहिल्या दिवशी तिने खुर्ची पुढे ओढली, बटण दाबले, कडी लाल झाली, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या छातीत ती जुनी, थंड, सुंदर धडधड सुरू झाली. “नमस्कार, श्रोतेहो,” ती म्हणाली.

तिला केंद्रावरची एक सवय होती. तिथल्या टेबलावर खोकल्याची कळ असे: शिंक आली, घोटभर पाणी प्यायचे झाले, काचेपलीकडच्या माणसाला काही विचारायचे झाले की ती दाबायची; लाल दिवा जाई, काम उरकले की पुन्हा येई. श्रोत्यांपर्यंत फक्त घडवलेले वाक्य पोहोचले पाहिजे. त्याच्या आजूबाजूचा भुसा पोहोचता कामा नये. इथेही तिने तेच केले. लाल कडीपुढे ती डोंगराचे वर्णन करी, हमालाच्या पावलांना उपमा देई, प्रत्येक वाक्यामागे तोलून विराम सोडी. आणि हमाल घसरला, घसा खरखरला किंवा दार वाजले की बटण दाबून दिवा घालवी.

दार फार वाजे. मोठी जाऊ औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसत असे, आणि दिवसभर लोकांना ‘जेवणाआधी की जेवणानंतर’ हे बजावून घरी आल्यावरही तिचा तो स्वर उतरत नसे.

“ताई, दार लावून घ्या ना.”

“लावते की. पण माझ्या चादरी बादलीत बसल्यात त्यांचं काय?”

“मी लाइव्ह आहे.”

“आणि त्या काय मेल्यात?”

चादरी वाळत घालता घालता तिचे लक्ष पडद्याकडे जाई. “अगं, तो वाकडा चाललाय.”

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर डावीकडे घे. डावीकडे घे गं. अगं माझं डावं नव्हे, त्याचं डावं.” कपाट गडगडत खाली येई. “झालं.”

“तुमच्यामुळे पडला.”

“माझ्यामुळे? कपाट त्याच्या पाठीवर, बटणं तुझ्या हातात, आणि पडला माझ्यामुळे? छान. बाईसाहेबांचा न्याय म्हणजे अगदी सासूबाईंचा.”

मग निवेदिका श्वास सावरून बटण दाबी, कडी लाल होई, आणि ती प्रसन्न गांभीर्याने म्हणे, “श्रोतेहो, आपला प्रवासी पुन्हा पायथ्याशी आला आहे. परंतु डोंगर जागचा हललेला नाही.”

लोक काय लिहितात हे ती खेळताना वाचत नसे. पत्रे नंतर वाचायची असतात, हे तिच्या रक्तात होते. केंद्रावर ती कार्यालयातून निवडून येत. आता ते काम मुंगी करी. दर पंधरवड्याला तो थोडी निवडक पत्रे तिला पाठवी. ‘तुमच्या मधल्या शांततेला तोड नाही.’ ‘तुम्ही गप्प होता तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावतो.’ ती पत्रे वाचताना तिचे डोळे भरून येत. वाक्याचे मोल त्याच्यामागच्या विरामात असते, असे तिला शिकवले गेले होते, आणि ते ओळखणारे कान अजून जगात होते. पाहुणा म्हणून राहिलेले मौन आता घरातून निघायची तयारी करू लागले आहे, असे तिला वाटले.

मग मुंगीने बातमी आणली. नव्या चॅनलवाल्यांची एक साखळी होणार होती: रविवारी सकाळपासून एकामागून एक नवखे तोच डोंगर चढणार, आणि आपला वेळ संपला की प्रत्येकाने आपले प्रेक्षक पुढच्याच्या हवाली करायचे. तिचे नाव यादीत होते. अचानक येणाऱ्या त्या गर्दीतले किती जण टिकतात, त्यावरच नव्या चॅनलचे पुढे काय होते ते ठरते, असे तो म्हणाला. तिने नवी ओळ रचायला घेतली, पहिल्या नमस्कारानंतरची.

शुक्रवारी मोठी जाऊ नेहमीपेक्षा लवकर घरी आली. तिने पर्स ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत.

“आज दुकानात एक माणूस आला. खोकल्याचं औषध मागितलं. मी म्हटलं, जेवणानंतर. तर माझ्या तोंडाकडे बघत बसला आणि म्हणाला, तुम्हीच ना त्या ‘डावीकडे घे गं’वाल्या?”

निवेदिका हसली. “काहीतरीच. तुमचा आवाज कसा जाईल? मी दिवा बंद करते.”

“तेच मी म्हटलं. तर त्यानं मोबाइल काढून दाखवलं.” जावेने आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. “बघ. सासूबाईंचा न्याय, यांचे गादीखाली लपवलेले मोजे, सगळं गेलंय. माझं सगळं जगाला ऐकू जातंय. फक्त तुझंच जात नाहीये.”

पडद्यावर ती स्वतः होती. केस नीट विंचरलेले, पाठ ताठ, कॅमेऱ्यात रोखलेली नजर. ओठ अत्यंत गंभीरपणे हलत होते आणि त्यांतून काहीही बाहेर येत नव्हते. काचेच्या टाकीतला मासा जसा जगाला काही महत्त्वाचे सांगत असतो तसे ते चालले होते. मग तिने बटण दाबल्याचे दिसले आणि लगेच तिचा आवाज फुटला, चिडका, घाईचा, घरचा: “अहो ताई, त्या चिमट्यांचा डबा इथं कुणी ठेवला, माझा पाय सोलला.” खाली लोकांच्या हसण्याचा पूर आला होता. ‘मुकं भाषण संपलं.’ ‘आता खरा कार्यक्रम.’ ‘कल्पना कुणाची हो ही? अफलातून.’

ती खोलीत गेली आणि माइकपुढे उभी राहिली. बटण दाबले, कडी लाल झाली. केंद्रावर लाल म्हणजे आवाज चालला आहे. या यंत्रावर लाल म्हणजे आवाज बंद आहे. इतके साधे होते ते. आयुष्यभर ज्या दिव्याकडे पाहून ती बोलती झाली, त्याच दिव्याने तिला मुके केले होते, आणि जो भुसा तिने जन्मभर पाखडून बाजूला ठेवला तोच लोकांनी मुठीमुठीने नेला होता.

मुंगीच्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते. सगळ्यांवर एकच सूत्रसंचालक, सगळ्यांचा आवाज बंद, सगळे तोंड हलवत असलेले. ती त्या भिंतीपुढे थांबली तेव्हाच मुंगीला काय ते कळले.

“पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं,” तो म्हणाला.

“आणि पत्रं?”

“निवडून पाठवत होतो. ज्यांत कळणार नाही, ती.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दिवा नीट लावला असता.” तो टीव्हीच्या धूळ नसलेल्या कडा पुसू लागला. “बाई, मी तुम्हाला इतकी वर्षं काचेपलीकडून ऐकलं. दिवा गेला की तुम्ही काय बोलायचात, ते फक्त मलाच ऐकू यायचं. मला वाटायचं, हे आपल्यालाच का. लोकांनाही मिळायला पाहिजे.”

“म्हणजे माझ्यातल्या दोघींपैकी कुणाला बाहेर सोडायचं, ते तू ठरवलंस.”

त्याने फडके खाली ठेवले.

“मला लोकांना हसवायचं नव्हतं, मुंगी. मला ऐकणारं कुणीतरी हवं होतं.”

“ऐकतायत की.”

“तिला ऐकतायत. माझ्यासाठी एकही माणूस आलेला नाही, आणि तू मला पत्रं पाठवत राहिलास.”

“चुकलो,” तो म्हणाला. मान खाली घालून, पण स्पष्ट. मुंगीला एवढे स्पष्ट बोलताना तिने क्वचित ऐकले होते.

शनिवारभर ती घरातच राहिली. रजयांच्या त्या खोलीत तिने एकटीने डोंगर चढून पाहिला. वाटेतल्या झुलत्या पुलापुढे तिला कधीच जाता आले नव्हते, त्या दिवशीही आले नाही. साखळीतून नाव काढता आले असते. पूर्वीसारखाच दिवा उलटा ठेवून गंमत चालू ठेवणे तर आणखी सोपे होते. लोक त्यासाठीच येणार होते. पण मग तो दुसरा आवाज, वादळाच्या सूचना देणारा, हरवलेल्यांना त्यांच्या खुणांनिशी पुकारणारा, तो खरोखरच केंद्राबरोबर मेला असे तिला मानावे लागले असते, आणि तेही त्याला एकदा ऐकू न देता. उद्या तो ऐकून लोक उठून गेले, तर निदान तिला कळणार होते. न कळता जगणे तिने करून पाहिले होते.

सकाळी ती वरच्या मजल्यावर गेली.

“ताई, दुपारी तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. कॅमेऱ्यासमोर. माइक पूर्ण वेळ चालू राहील, मी बटणाला हात लावणार नाही.”

“मी? माझे केस बघ.”

“रेडिओवर केस दिसत नाहीत.”

“अगं हा रेडिओ नाही. हेच तुला अजून कळत नाही, सगळा घोळ त्याचाच आहे.” मोठी जाऊ आरशाकडे वळली. “आणि मी काय बोलू?”

“लोक काय लिहितात ते वाचून दाखवा.”

“डॉक्टरांचं अक्षर वाचते मी. हे काय वाचायचं?” थोड्या वेळाने ती म्हणाली, “निळी साडी नेसू की नको?”

दुपारी त्या दोघी पडद्यापुढे बसल्या तेव्हा त्यांच्या आधीचा खेळाडू, मोटारींचे टायर बदलणारा एक तरुण, झुलत्या पुलावर होता. त्याचे कपाट कललेले दिसले, आणि क्षणात हमाल खाली. सकाळपासून साखळीतले कोणीही वर पोहोचलेले नव्हते. “माझं झालं,” तो हसत म्हणाला, “आता त्या मुक्या भाषणवाल्या ताईंकडे चला सगळे.” आणि त्याची गर्दी, मागच्या साऱ्यांनी त्याच्या हाती दिलेल्या गर्दीसह, एकदम त्यांच्या खोलीत आली.

कडी विझलेली होती. निवेदिकेने तिच्याकडे पाहिले नाही. “नमस्कार, श्रोतेहो,” ती म्हणाली, आणि या वेळी ते शब्द खरोखर खोलीबाहेर गेले.

जावेने चष्मा सरसावला. “‘ओला मोजा’ विचारतो, आवाज कुठून येतोय? ‘तुटका डबा’ म्हणतो, माइक बिघडला वाटतं. अगं हे काय नाव झालं, तुटका डबा? ‘झोपाळू वाघ’ म्हणतो, बातम्या ऐकायला नाही आलो, चाललो मी.”

“त्यांना निरोप द्या.”

“जा रे वाघा, जेवून झोप.”

आणखी काही गेले. जाणाऱ्यांची पावले ऐकू येत नाहीत, पण निवेदिकेला ती पाठीच्या कण्यात जाणवली. तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि तिने तो परत आणला. हमाल दगडी पायऱ्या चढू लागला. ती बोलत राहिली, घडवून, तोलून. मध्येच पट्टा सुटला तसे तिच्या तोंडून “अरे मेल्या, थांब” निघाले, आणि तेही गेले. ते परत घेता येत नव्हते. पुढचे वाक्य त्याच्याच खांद्यावर पाय ठेवून आले, आणि तिला नवल वाटले की ते कोसळले नाही.

झुलता पूल आला.

“डावीकडे,” जाऊ म्हणाली.

“ताई, मला लक्ष देऊ द्या.”

“दे ना. मी काय पकडून ठेवलंय? पण डावीकडे.”

“डावीकडे दरी आहे.”

“उजवीकडे काय बाग आहे?”

“पूल श्वास घेतो आहे, श्रोतेहो, तो श्वास सोडेल तेव्हाच पाऊल टाकायचे आहे. ताई, टेबल हलवू नका.”

“मी नाही, माझा गुडघा हलतोय. भीती वाटतेय मला.”

“मलाही,” निवेदिका म्हणाली. हा शब्द तिने माइकपुढे यापूर्वी कधी उच्चारला नव्हता. पुलाने श्वास सोडला, तिने दोन्ही पट्टे ताणले, आणि हमाल पलीकडच्या दगडावर उभा राहिला.

इथून पुढचे तिने कधी पाहिले नव्हते. बर्फाची अरुंद कड, दोन्ही बाजूंना पांढरी पोकळी, आणि वारा. मोठी जाऊ खुर्चीच्या कडेला सरकली. खोलीत रजया होत्या आणि रजयांच्या मध्ये तो आवाज, आता कशाचीही परवानगी न मागणारा.

“इथे वाट संपते. उरते ती फक्त कड, सुरीच्या धारेइतकी, आणि तिच्यावर एक माणूस. त्याला वाटते, आपण लाकूड वाहतो आहोत. त्याला कुणी सांगितलेले नाही की त्याच्या पाठीवर आकाश आहे. आता आरशात ढग शिरला. आता ढग आणि बर्फ एक झाले, आणि काचेत काही उरले नाही. वारा उजवीकडून येतो आहे. मी उजवा पट्टा सोडते आहे, जरासा, एखाद्याचा हात सोडावा तसा, तो पडणार नाही अशी खात्री असताना. खात्री नाही. तरी सोडते आहे. थांब. थांब रे राजा. वारा गेला. पाऊल.”

पडद्याच्या कडेने वाहणारी लोकांची वाक्ये थांबली होती.

“कुणी काही लिहीत नाहीये,” जाऊ कुजबुजली.

“गेले?”

जाऊ पुढे वाकली आणि तिने नखाने कोपऱ्यातली चिकटपट्टी उचलली. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. “नाही गं,” ती म्हणाली, आणि औषधांच्या गल्ल्यावरचा स्वर पहिल्यांदाच तिच्या आवाजातून उतरला. “आहेत. बघतेय तोवर आणखी वाढतायत. सगळे नुसते ऐकतायत. आकडा सांगू?”

“नको. पट्टी लावा.”

तेवढ्यात एकच ओळ आली, आणि ती जावेने वाचून दाखवली, डॉक्टरांचे अक्षर वाचल्यासारखी अडखळत: “‘हा आवाज मला माहीत आहे. मी शाळेत जायला निघायचो तेव्हा आमच्या घरात हा असायचा.’”

निवेदिकेने पट्ट्यांवरची पकड घट्ट केली. कड अजून बाकी होती, आणि ती हे लिहिणाऱ्या माणसाला चालून दाखवायची होती. तिने आवाज किंचित खाली आणला, जसा सकाळच्या पहिल्या प्रसारणात आणत असे, घरात कुणी अजून झोपलेले असेल म्हणून, आणि वाक्यामागून वाक्य, पावलामागून पाऊल, मध्ये एक “आई गं” आणि एक “ताई, पाणी द्या, नाही, नको, हात अडकलेत”, असे करत हमाल वर आला. वर सपाट जागा होती. वारा नव्हता. त्याने पट्टे उतरवले, कपाट बर्फावर ठेवले, पाठ सरळ केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वळून आरशात पाहिले.

मग कपाटाचे दार आतून उघडले. आत एक जाडजूड मनुष्य उशी घेऊन झोपला होता. त्याने जांभई दिली आणि विचारले, “आलं का?”

“हे आमचेच,” मोठी जाऊ म्हणाली. “म्हणून एवढं जड होतं.”

निवेदिका हसली. केंद्रावरचे तिचे हसू वेगळे होते, मोजके, ओठांत मावणारे. हे तिच्याच्याने आवरेना, माइकवर फुटले, रजयांना पुरून उरले, आणि खालच्या मजल्यावरून नवरा धावत आला तो दारातच थांबला. पडद्यावर लोकांची वाक्ये धबधब्यासारखी कोसळत होती. ‘पोहोचले.’ ‘साखळीतल्या पहिल्या.’ ‘मी घरात सगळ्यांना गप्प बसवलं होतं.’ टायरवाल्या तरुणाने लिहिले होते, ‘दुकानात गिऱ्हाईक उभं आहे, तेही बघतंय.’ मुंगीने काहीच लिहिले नव्हते. पण त्याने आपली शर्यत अर्ध्यावर सोडून आपले सारे प्रेक्षक इकडे पाठवले होते, आणि ते अजून येतच होते.

“वाघ परत आलाय,” जाऊ म्हणाली. “म्हणतो, काय झालं ते कुणीतरी सांगा.”

“त्यांना सांगा, उशीर झाला तरी बसायला जागा आहे.”

वेळ संपत आली होती. साखळीत पुढे एक अगदी नवखा होता. त्याच्या पानावर ‘पहिलीच वेळ, सांभाळून घ्या’ एवढेच लिहिलेले. निवेदिकेने त्याचे पान श्रोत्यांना वाचून दाखवले, आणि आजवर ज्या काळजीने ती गाणी लोकांच्या हाती देत आली होती त्याच काळजीने आपले श्रोते त्या अनोळखी माणसाच्या हाती दिले. मग त्या दोघीही गर्दीबरोबर तिकडे गेल्या.

तिथे कॅमेरा नव्हता. पायथ्याच्या गावात हमाल हलायचा थांबला होता, आणि एका माणसाचा श्वास ऐकू येत होता, अचानक घरात शिरलेल्या इतक्या माणसांपुढे उभ्या राहिलेल्याचा. त्याने घसा साफ केला. शेवटी अगदी लहान आवाजात त्याने विचारले, “ऐकू येतंय का कुणाला?”

निवेदिकेने कीबोर्ड जवळ ओढला आणि सगळ्यांच्या आधी लिहिले, “स्वच्छ ऐकू येतंय. बोला.”